प्रकल्पाला कोणती समीक्षादृष्टी घ्यावी? ‘औदुंबर’ आणि ‘संसार’ समोर ठेवून

बी.ए.च्या पहिल्या वर्षाची मुलं प्रकल्पाचे दिवस आले की हमखास विचारतात, “सर, स्त्रीवादी घेऊ का? की मार्क्सवादी सोपं जाईल?” कशावर लिहिणार म्हटलं तर उत्तर येतं, “ते अजून ठरायचंय.” मुहूर्त काढून मग स्थळ शोधायला निघावं, त्यातला हा प्रकार. म्हणून इथे उलट्या बाजूने सुरुवात करतो. आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या दोन कविता घेऊ आणि कोणती दृष्टी कुणाला किती लागू पडते ते पाहू.

पहिली ‘औदुंबर’. बालकवी धरणगावचे, जन्म १८९०चा. दुसरी बहिणाबाईंची ‘अरे संसार संसार’. बहिणाबाई आसोद्याच्या, जन्म १८८०चा. वयाने त्या दहा वर्षांनी मोठ्या, पण त्यांची गाणी पुस्तकात आली १९५२ साली, म्हणजे बालकवी जाऊन चौतीस वर्षं झाल्यावर आणि त्या स्वतः गेल्यावर एका वर्षाने. दोन्ही कविता शाळेत पाठ केलेल्या असतात, त्यामुळे त्या आपल्याला कळल्या आहेत असा सगळ्यांचा समज असतो.

रूपवादी वाचन

कवी, काळ, समाज सगळं बाजूला ठेवायचं आणि कागदावरचे शब्द पाहायचे. केंब्रिजला समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावं झाकून कविता वाचायला दिल्या होत्या. त्यातून हाती आलेल्या गमतीजमती त्यांच्या १९२९च्या पुस्तकात आहेत. आपल्याकडे कवी-समीक्षक मर्ढेकरांनी लयीचा विचार मांडला: संवाद (म्हणजे जुळणी), विरोध, समतोल. मर्ढेकरांचा जन्मही खानदेशातलाच, फैजपूरचा. हे सांगितलं की यावल-रावेरची मुलं जरा सावरून बसतात.

‘औदुंबर’ला हे वाचन अंगच्या कपड्यासारखं बसतं. ओळी फक्त आठ. आधी निळासावळा झरा, मग हिरवी गरदी, तिच्यातून पांढरी पायवाट आणि ती पायवाट जाते काळ्या डोहाकडे. नुसते रंग क्रमाने लिहून काढले तरी उजेडाकडून अंधाराकडे चाललेली वाट दिसते. त्यात तो काळिमा ‘गोड’ आहे, म्हणजे विरोध आणि संवाद एकाच ठिकाणी आले. शेवटच्या ओळीतला ‘असला’ हा शब्द तर घरी घेऊन जाण्यासारखा आहे. असला म्हणजे कसला? कवी सांगत नाही. तेवढ्या एका शब्दावर दोन पानं लिहिता येतात आणि ती पाल्हाळ वाटत नाहीत.

‘संसार’ला मात्र अडचण येते. यमकं आहेत, दर कडव्याला ‘संसार संसार’ फिरून येतं, तवा-चटके-भाकर ही प्रतिमा तर साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी आहे. पण बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी कागदावर उतरवली ती दुसऱ्यांनी, मुख्यतः त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी. मग ओळ कुठे तुटते, स्वल्पविराम कुठे पडतो, यावर किती भार द्यायचा? छापलेल्या पानाचं बारीक वाचन करताना आपण नेमकं कुणाचं काम वाचतोय, हा प्रश्न सुटत नाही. तरी दोन आठवडे हाताशी आणि जवळ फक्त कविता व शब्दकोश असेल, तर याच वाचनाला पसंती द्या. “प्रतिमा अतिशय सुंदर आहेत” हे वाक्य तेवढं वहीत येऊ देऊ नका.

चरित्राच्या आधाराने

सगळ्यांत मोहात पाडणारी वाट हीच, कारण गोष्ट सांगायला मिळते. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली बालकवींचा अंत झाला. जळगावहून भुसावळकडे निघालं की लगेच लागणारं ते स्टेशन. झालं, काळा डोह म्हणजे मृत्यू, कवीला चाहूल लागली होती, प्रकल्प पूर्ण! मीही कॉलेजात हेच लिहिलं होतं. सरांनी समासात लाल शाईने विचारलं होतं, “डोहाकडे जाणाऱ्या पायवाटेला भादलीचं तिकीट कुणी काढून दिलं?” कविता आधी लिहिली गेली, अपघात नंतर झाला. नंतरचं आधीच्यावर लादलं की सगळंच भाकीत वाटू लागतं.

बहिणाबाईंच्या बाबतीत हीच वाट कामाला येते, पण वेगळ्या कारणाने. ऐन तारुण्यात आलेलं वैधव्य आणि शेतातले कष्ट यांवरून ‘संसार’चा अर्थ काढायला गेलात तर पुन्हा तीच चूक होईल. त्या निरक्षर होत्या, गाणी कामाच्या ओघात रचली गेली, कागदावर दुसऱ्याच्या हाताने आली, ही माहिती मात्र कवितेची घडणच समजावून देते. चरित्र घ्यायचं ते इथवर.

स्त्रीवादी वाचन

‘औदुंबर’ला हे लावू नका. त्या कवितेत बाई नाही, पुरुषही नाही, माणूसच नाही. चार घरं आहेत, शेतमळे आहेत, पायवाट आहे. चालणारं कुणी नाही.

‘संसार’ मात्र या वाचनासाठी जणू वाट पाहत बसलेली आहे, आणि तिथे घाई करून चालत नाही. चटके आधी, भाकर नंतर, हा क्रम कविता तक्रारीच्या सुरात सांगत नाही. उलट संसाराला खोटा म्हणू नये, असं बजावते. मग ही सोसण्याची भलामण आहे का? बरीच मुलं इथे “होय” म्हणून मोकळी होतात. मी त्यांना दोन शब्दांपाशी थांबवतो. एक ‘अरे’. हे कुणाला म्हटलंय? संसाराला, की समोर बसलेल्या, चुलीपासून लांब असलेल्या कुणाला? दुसरा ‘हाताला’. ‘माझ्या’ हा शब्द तिथे नाही. हात कुणाचा ते न सांगताही ऐकणाऱ्याला कळतं, कारण घरात चुलीशी कोण असतं हे ठरलेलं आहे. न उच्चारलेल्या त्या ‘माझ्या’वर स्त्रीवादी प्रकल्प उभा राहू शकतो. शेजारी ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ ठेवा. ते १८८२चं, आपल्याला लागूनच असलेल्या बुलढाण्याच्या बाईने लिहिलेलं. तिथे राग उघडा आहे, इथे तो असलाच तर तव्याखाली आहे. ही तुलना मी वाचलेल्या बहुतेक विद्यार्थी-प्रकल्पांत नसते, म्हणून मुद्दाम सुचवतो.

वर्ग आणि जात

शेतमळ्यांची दाट गरदी कोण कसतं, हा प्रश्न ‘औदुंबर’ला विचारता येतो, पण उत्तरासाठी कविता काहीच हाती देत नाही, मग विद्यार्थी कवितेऐवजी शेतीचा इतिहास लिहीत बसतो. धुळ्याचे विचारवंत शरद पाटील यांनी मार्क्स, फुले आणि आंबेडकर एकत्र आणून साहित्याच्या सौंदर्यशास्त्राचा वेगळा विचार मांडला. तो वाचायलाच हवा, पण पहिल्या वर्षी त्याच्या जोरावर प्रकल्प करणं म्हणजे पोहायला शिकण्यासाठी पुरात तापी गाठणं. ही वाट खुणावतच असेल तर कविता बदला. आदिवासी कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ घ्या. स्टेजवरची मंडळी आदिवासींना त्यांचंच दुःख सांगत बसतात, आणि ज्यांचं दुःख ते खालीच राहतात. नंदुरबार-शहाद्याकडच्या मुलांना त्यावर शिकवायची फारशी गरज पडत नाही, उलट तासाला तीच बोलू लागतात.

मानसशास्त्रीय वाचनाबद्दल एवढंच म्हणेन की पहिल्या वर्षी त्याचं रूपांतर कवीच्या आजाराच्या निदानात होतं. टाळा.

देशी दृष्टी आणि बोली

भालचंद्र नेमाड्यांमुळे देशीवाद, म्हणजे साहित्य इथल्याच परंपरेच्या मापाने जोखणं, हा शब्द आपल्याकडे घरचा झाला आहे. सांगवी त्यांचं गाव. पण “मातीचा वास” असं लिहून देशी वाचन होत नाही. बोलीत शिरावं लागतं. ‘मिळते’चं ‘मियते’ होतं. ‘ळ’चा ‘य’ ही आपल्याकडच्या लेवा पाटील समाजाच्या बोलीची, लेवा गणबोलीची खूण. बाहेरचे लोक हिला सरसकट अहिराणी म्हणतात आणि आपलीही मुलं तसंच लिहून देतात. धुळ्याकडच्या अहिराणी बोलणाऱ्याला ‘संसार’ वाचायला द्या, तो कुठे अडखळतो ते टिपा. अर्धं काम तिथेच होईल. या वाचनाला पुस्तकं कमी आणि पायपीट जास्त लागते, म्हणून हॉस्टेलवर राहणाऱ्याला अवघड, गावाहून एसटीने येणाऱ्याला सोपं.

तेव्हा ‘औदुंबर’ घेतलीत तर रूपवादीच घ्या, दुसरीकडे बघू नका. ‘संसार’ला मला विचाराल तर स्त्रीवादी आणि बोली यांची जोडी सर्वांत जास्त देते, एकच निवडायची सक्ती असेल तर बोली, कारण तो मजकूर तुमच्या घरात आहे आणि वाचनालयात नाही. जात्यावरच्या ओव्या ठाऊक असलेली आजी घरात असेल तर आधी तिच्याकडे जा. मोबाईल समोर धरून “म्हणून दाखव” म्हणू नका, ती लाजून दोन ओळींत आटपते. तिच्यापुढे सुपात दाणे निवडायला ठेवा आणि मोबाईल बाजूला चालू राहू द्या.