डबीवरच लिहिलंय, ‘आत औषध नाही’

मी मुद्रितं तपासते. दिवसाचे आठ तास मान खाली, त्यामुळे सहा वर्षं कंबर धरलेली. एमआरआय झाला, घाबरण्यासारखं काही नाही असं डॉक्टर म्हणाले, व्यायाम दिले. त्यातले निम्मे मी करते. अशा बाईने आजवर काय काय मागवलं असेल ते विचारू नका. ताजं खूळ म्हणजे ही डबी.

डबीवर ठळक अक्षरांत ‘प्लासिबो’ छापलंय, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. घटक एकच, मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज. खऱ्या गोळ्यांतही तो भर म्हणून घालतात. इथे नुसती भरच आहे. पत्र नाही, फक्त पाकीट. मुलगी म्हणाली, “आई, तू पैसे मोजून ‘काही नाही’ विकत आणलंस?” वाक्यात दुरुस्तीला जागा नव्हती.

पण मी अगदीच हवेत उडी मारली नव्हती. २०१० साली हार्वर्डच्या टेड कॅपचक यांच्या गटाने आयबीएसच्या, म्हणजे आतड्यांच्या एका चिवट दुखण्याच्या, ८० रुग्णांवर प्रयोग केला. जवळपास निम्म्यांना, यात औषध नाही असं स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांनी गोळीवाल्यांपैकी ५९ टक्क्यांना पुरेसा आराम होता, बाकीच्यांत ३५ टक्क्यांना. लिस्बनला कंबरदुखीवर तसंच करून पाहिलं, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले: नेहमीचे उपचार चालू, वर दिवसाला दोनदा ही गोळी. तीन आठवड्यांत गोळीवाल्यांचं दुखणं ३० टक्के उतरलं, इतरांचं ९. मी तेच वेळापत्रक उचललं.

आता वस्तूबद्दल. झाकण दाबून फिरवायचं, लहान मुलांना उघडता येऊ नये असलं. ज्यात काहीच नाही त्याला एवढा बंदोबस्त! पहिले दोन दिवस मी त्याच्याशी झटापट केली. गोळी मोठी, वर गुळगुळीत थर नाही, त्यामुळे खडूसारखी जिभेला चिकटते. आणि तरी दुसऱ्या आठवड्यात त्या झाकणाचा ‘टक्’ आवाज आला की खांदे आपोआप खाली यायचे. हे मी ठरवून करत नव्हते.

रोज रात्री दुखण्याला ० ते १० पैकी आकडा द्यायचे. पहिल्या आठवड्यात ६, ७, ६. तिसऱ्यात ४, ५, आणि एकदा ३. त्या तीनच्या दिवशी टेबलाखाली पडलेली पेन्सिल मी उचलली आणि परत खुर्चीत बसल्यावर लक्षात आलं की टेबलाची कड धरलीच नव्हती. अर्थात डबी मागवली तेव्हा दुखणं अगदी टोकाला होतं, आणि टोकाचं दुखणं काहीही न करता थोडं उतरतंच. माझ्या एकटीच्या वहीवरून श्रेय कुणाचं ते ठरणार नाही.

खरी तक्रार आतल्या पत्रकाची. ‘कशाकशावर उपयोगी’ या यादीत चक्क दमा! २०११ च्या एका अभ्यासात दम्याच्या रुग्णांना पोकळ पंपानेही जवळपास खऱ्याइतकंच बरं वाटलं होतं. पण फुंकून मोजल्यावर खऱ्या पंपाने श्वास २० टक्क्यांनी सुधारलेला, पोकळ पंपाने सातेक टक्के, आणि काहीच न घेणाऱ्यांचाही तेवढाच. बरं वाटतंय म्हणून माणूस पंप घरी ठेवून निघाला तर? कंपनीला लिहिलं. उत्तरादाखल पुढच्या खरेदीवर सवलत आली.

पाचपैकी तीन तारे. एक पत्रकाने खाल्ला, एक गोळीच्या खडबडीतपणाने.

दुसरी डबी मागवली आहे, सवलत वापरून. पत्रक फाडून टाकलं आणि कॅपचक यांच्या प्रयोगात रुग्णांना जे सांगितलं होतं, त्यातलं मला पटलेलं झाकणावर लाल शाईने लिहून चिकटवलं: विश्वास नसला तरी चालेल, गोळी चुकवायची नाही.