पैसे पॉलिसीत घालावेत की गंगाजळीत?

माझा थोरला मेहुणा सांगलीत वायरमन आहे. स्वतःचं दुकान, हाताखाली एक पोरगा. मागच्या पावसाळ्यात शिडीवरून पडला आणि उजवं मनगट मोडलं. ऑपरेशनचं बिल मेडिक्लेममधून भागलं, पण पुढचे सात आठवडे काम बंद. तेवढ्या काळातला गाडीचा हप्ता, पोरांची फी, किराणा यांच्याशी मेडिक्लेमचा काही संबंध नसतो. धाकटा चाकणला कंपनीत आहे. त्याच वर्षी त्याला कावीळ झाली, महिनाभर घरी होता, तरी पगाराचा बराचसा भाग ईएसआयकडून (कामगारांचा सरकारी विमा) खात्यात जमा झाला. दिवाळीत दोघं समोरासमोर बसले तेव्हा थोरला म्हणाला, "दाजी, असला पगाराचा विमा मला मिळतो का हो?"

मिळतो, पण त्याला हवा तसा नाही. नेटवर या विषयाचे जे लेख सापडतात ते बहुतेक ब्रिटन-ऑस्ट्रेलियाकडचे. तिथल्या पॉलिसीत आजार असो की अपघात, काम थांबलं की ठरलेल्या प्रतीक्षेनंतर उत्पन्नाचा निम्मा-पाऊण हिस्सा दरमहा येतो, आणि तशी पॉलिसी घेतली असेल तर निवृत्तीच्या वयापर्यंत येत राहतो. आपल्याकडे हे सगळं एकाच पॉलिसीत सहसा मिळत नाही. तुकडे गोळा करून जोडावे लागतात.

धाकट्याचं आधी उरकतो, कारण त्याने काहीच घ्यायची गरज नाही. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआय लागू होते. पगार २०,००० धरला तर त्याच्याकडून १५० रुपये कापले जातात आणि कंपनी ६५० भरते. आजारपणात ७० टक्के पगार, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. कर्करोग, क्षयरोग यांसारख्या यादीतल्या ३४ दीर्घ आजारांना ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. कामावर अपघात झाला तर ९० टक्के. इतक्या कमी पैशांत असलं कवच बाजारात कुठली कंपनी देणार? खोच एकच आहे. पगार २१,००० च्या वर गेला की चालू सहामाही संपल्यावर वर्गणी थांबते आणि मग हे कवचही जातं. पगारवाढीचे पेढे वाटताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. मग हाताशी उरतात त्या साठलेल्या रजा आणि कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम, आणि तोही फक्त दवाखान्याच्या बिलापुरता. त्या दिवसापासून धाकटासुद्धा थोरल्याच्या रांगेत.

थोरल्यासाठी खरी तुलना तीन गोष्टींची: वैयक्तिक अपघात विमा, गंभीर आजाराचा विमा आणि स्वतःची गंगाजळी.

अपघात विम्यात तात्पुरतं पूर्ण अपंगत्व असं एक कलम असतं. त्यात काम बंद असेपर्यंत दर आठवड्याला ठरावीक रक्कम मिळते. पण हे कलम बऱ्याचदा मूळ पॉलिसीत नसतं, जादा हप्ता भरून जोडून घ्यावं लागतं. आकड्यांत तर जमीन-अस्मानाचा फरक. काही पॉलिसींत आठवड्याला विमा रकमेच्या १ टक्का मिळतो, वर कमाल मर्यादा असते. विमा नियामकाने २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांना जी 'सरल सुरक्षा विमा' पॉलिसी विकायला लावली, तिच्यात हाच दर ०.२ टक्के. विमा १० लाखांचा असेल तर एकीकडे आठवड्याला १०,०००, दुसरीकडे २,०००. थोरल्याचे आठवड्याला सात हजार बुडाले. ते ०.२ टक्क्यांतून भरून काढायचे तर विमा ३५ लाखांचा हवा, आणि एवढा विमा द्यायला कंपनी आधी उत्पन्नाचा पुरावा मागते. रोखीने धंदा करणारा, रिटर्न कधी न भरलेला वायरमन इथेच अडकतो. शिवाय शब्द नीट वाचायचे. 'नेहमीचा व्यवसाय करता येत नाही' हे एक, आणि 'कोणतंही काम करता येत नाही' हे वेगळं. मनगट मोडलेला माणूस गल्ल्यावर बसू शकतो, असं दुसऱ्या प्रकारात सहज म्हणता येतं.

तरीही मी त्याला अपघात विमा घेच म्हणालो, पण या आठवड्याच्या पैशांसाठी नाही. मनगट सात आठवड्यांत जुळलं म्हणून ठीक. हातच गेला असता तर? कायमच्या अपंगत्वाची एकरकमी भरपाई हा या विम्याचा गाभा आहे, आठवड्याचे पैसे ही त्यावरची चटणी. वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना दोन्ही हात किंवा दोन्ही डोळे गेले तर २ लाख देते, एक गेला तर १ लाख. ती प्रत्येकाने घ्यावीच, पण मोडलेल्या मनगटाला तिच्यातून छदामही मिळत नाही.

गंभीर आजाराच्या विम्यात निदान झालं की ठरलेली रक्कम एकदम हातात येते आणि कशी खर्च केली हे कुणी विचारत नाही. कर्करोग, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणं अशा आजारांत घर वर्षभर बसतं, तिथे याला तोड नाही. मात्र यादी मोजकी आणि व्याख्या कडक. अगदी सुरुवातीच्या अवस्थेतला कर्करोग बहुधा बाहेर. पहिले ९० दिवस सहसा दावा चालत नाही आणि निदानानंतर बहुतेक पॉलिसींत ३० दिवस जिवंत राहावं लागतं. कावीळ, डेंग्यू, पाठीचा मणका यांतलं काहीही त्या यादीत सापडणार नाही, आणि वायरमनचं काम नेमकं मणक्यानेच बंद पडायची भीती जास्त.

म्हणून माझ्या हिशेबात गंगाजळी आधी. कावीळ की मणका हे ती विचारत नाही, आणि फॉर्म, सर्व्हेयर, 'कागद अपुरे'चं पत्र ही भानगडही नाही. चार महिन्यांचा घरखर्च मोडता येईल अशा एफडीत ठेवायचा. दोष एवढाच की ती साठायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि घरात लग्न निघालं की पहिली तीच मोडली जाते. त्यावर उपाय म्हणून मेहुण्याने ती बायकोच्या नावावर, दुसऱ्या बँकेत सुरू केली आहे.

हॉस्पिटलात असेपर्यंत रोज पैसे देणारी पॉलिसी त्याने विचारली होती. तो ॲडमिट होता तीन दिवस आणि घरी बसला सात आठवडे, तेव्हा ती सोडून दिली. कर्जासोबत गळ्यात मारतात तो नोकरी गेल्यावर हप्ते भरणारा विमा धाकट्याला कुणीतरी सुचवला. राजीनामा दिला किंवा काम नीट नाही म्हणून काढलं तर त्यातून सहसा काही मिळत नाही, आणि मिळालंच तरी ते दोन-तीन हप्तेच.

गंभीर आजाराचा विमा थोरल्याने पुढच्या वर्षावर ढकलला आहे. वडिलांना मधुमेह होता, त्यामुळे फार ढकलू नको असं मी बजावलंय. अपघात विम्यासाठी उत्पन्नाचा कागद लागतो, म्हणून यंदा आयुष्यात पहिल्यांदा तो रिटर्न भरणार आहे.