करी फ्लो शूज: ब्रेक अव्वल, घोट्याची हमी मात्र मागू नका

अमेरिकन बास्केटबॉलपटू स्टेफ करीच्या नावाचे शूज घेताना बरेच जण एक सरळ हिशोब मांडतात. या माणसाचे घोटे सतत मुरगळायचे, तरीही तो चार वेळा एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) जिंकला, म्हणजे त्याच्या शूजमध्येच घोटा सांभाळणारं काहीतरी असणार. हा हिशोब चुकतो. अंडर आर्मर या क्रीडासाहित्य कंपनीची करी फ्लो मालिका उत्तम आहे. स्वच्छ लाकडी कोर्टवर धावता धावता जागेवर थांबायचं असेल, तर तिच्या तोडीचे शूज फार थोडे सापडतील. पण घोटा मुरगळू न देणं हे या शूजचं काम नाही आणि करीनेही ते काम शूजवर सोडलेलं नाही. हे आधी समजून घेतलं तर पैसे योग्य जागी लागतील.

करी २००९ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे आला. मे २०११ मध्ये त्याच्या उजव्या घोट्याच्या अस्थिबंधांची (हाडं जोडणाऱ्या पट्ट्यांची) शस्त्रक्रिया झाली. लॉकआउटमुळे (मालक-खेळाडूंच्या वादात लीग बंद राहिल्याने) २०११-१२ चा हंगाम ६६ सामन्यांचाच होता, त्यातले तो २६ खेळू शकला. एप्रिल २०१२ मध्ये त्याच घोट्यात पुन्हा दुर्बीण घालावी लागली. या वेळी अस्थिबंध टिकून होते, आत साचलेला खराब पेशींचा कचरा तेवढा साफ करण्यात आला. ऑक्टोबर २०१२ च्या शेवटी त्याने चार वर्षांसाठी ४.४ कोटी डॉलरचा करार केला. त्याच्या कौशल्याच्या मानाने हा आकडा कमी होता, कारण घोट्याची धास्ती किमतीत धरलेली होती. पुढे तो २०१५ आणि २०१६ मध्ये एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) ठरला, दुसऱ्या वेळी तर सगळी मतं त्यालाच पडली. त्या काळातही तो याच करारावर खेळत होता. २०१६ मध्ये वॉरियर्सला केव्हिन ड्युरंटसारखा बडा खेळाडू परवडला, त्यामागे लीगच्या वाढलेल्या पगारमर्यादेइतकाच हा स्वस्त करारही होता. २०१७ मध्ये करीचा नवा करार झाला, पाच वर्षांचे २०.१ कोटी डॉलर.

या दोन करारांच्या मधल्या काळात घोट्याचं काय झालं, याचं उत्तर व्यायामशाळेत आहे. वॉरियर्सचे ट्रेनर केके लाइल्स यांनी करीच्या हालचालींचा भार घोट्यावरून कमरेच्या सांध्याकडे वळवला. दिशा बदलताना गुडघा आणि घोटा वाकवत बसायचं नाही, कंबर मागे नेऊन नितंबाच्या मोठ्या स्नायूंनी धक्का पेलायचा. यालाच हिप हिंज म्हणतात. जेमतेम ८४ किलोचा करी ४०० पौंड, म्हणजे सुमारे १८० किलोची डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलण्याचा व्यायाम) मारू लागला. दुसरी सोय त्याच्या मोज्यांजवळ दिसते. तो दोन्ही घोट्यांवर झॅम्स्ट या जपानी कंपनीचे ए२-डीएक्स ब्रेस (घोट्याचे आधारपट्टे) बांधतो. त्यात घोट्याच्या दोन्ही अंगांना कडक साच्याचे आधार असतात, वरून आडव्या-तिरक्या पट्ट्या येतात आणि डाव्या-उजव्या पायाचे ब्रेस वेगळे मिळतात.

म्हणजे शूजच्या वाट्याला उरतं ते पकड, थांबणं आणि पाऊल आत सरकू न देणं. करी फ्लोची पारख याच तीन गोष्टींवर करायला हवी.

आधी सोल. नेहमीच्या बास्केटबॉल शूजमध्ये पायाखाली मऊ फोम असतो आणि त्याच्याखाली कडक रबराचा थर चिकटवलेला असतो. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या करी फ्लो ८ मध्ये हा रबराचा थर काढूनच टाकला. जो फोम धक्का पेलतो तोच जमिनीला टेकतो. याचे परिणाम पहिल्या पाच मिनिटांत जाणवतात. फोम रबरापेक्षा मऊ असल्याने लाकडाच्या पॉलिशवर तो दाबून बसतो आणि पकड अगदी चिवट लागते. एक थर कमी झाल्यामुळे तळवा जमिनीच्या जवळ येतो आणि पाऊल कुठे पडलं ते नीट कळतं. आवाजही वेगळाच येतो, रबराच्या चर्र आवाजापेक्षा बारीक आणि तीक्ष्ण. थोडी धूळ असलेल्या हॉलमध्येही हा सोल रबरी सोलपेक्षा कमी निसटतो. धूळ साचली तर ओलसर फडक्याने पुसावी. तळहाताने पुसली तर हाताचं तेल सोलला लागतं आणि दोन मिनिटांत परिस्थिती पुन्हा पहिल्यासारखी होते.

ही पकड करीसाठी इतकी महत्त्वाची का, ते त्याच्या खेळात दिसतं. तो चेंडू घेऊन जितका धावतो, त्याहून जास्त चेंडूशिवाय धावतो. एका स्क्रीनमागून (वाट अडवून उभ्या सहकाऱ्यामागून) दुसऱ्या स्क्रीनमागे, बेसलाइनवरून (बास्केटमागच्या रेषेवरून) कोपऱ्यात, आणि पास हातात येताच पाय रोवून थ्री-पॉइंटर (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट). पाव सेकंदात वेग शून्यावर आणायचा आणि शरीर सरळ वर न्यायचं. त्यात पाऊल दोन सेंटिमीटर जरी घसरलं तरी खांदा कलतो आणि शॉट आखूड पडतो. ३ जानेवारी २०२१ ला पोर्टलंडविरुद्ध त्याने ६२ गुण केले, त्याच्या कारकिर्दीतला सर्वोच्च आकडा. त्याच वर्षी १४ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने रे ॲलनचा २,९७३ थ्री-पॉइंटरचा विक्रम मागे टाकला आणि मार्च २०२५ मध्ये ४,००० चा टप्पा ओलांडला.

थांबण्याची दुसरी बाजू शूजच्या आत असते. सोलने जमीन घट्ट धरली की शूज थांबतो, पण पाऊल वेगात असतं. वरचं कापड ढिलं असेल तर पाऊल आत पुढे सरकतं आणि अंगठ्याचं नख शूजच्या टोकावर आपटतं. नख काळं पडण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण, आणि पकड जितकी चांगली तितका हा त्रास जास्त. फ्लो ८ चं वरचं कापड विणलेलं आहे. पायात ते मोज्यासारखं बसतं, पण जोरात बाजूला वळताना थोडं ताणतं. फ्लो ९ आणि १० मध्ये त्याऐवजी वॉर्प नावाची रचना आली. पातळ कापडावर ताण पेलणाऱ्या बारीक पट्ट्यांचं जाळं असतं, पाऊल ज्या दिशेला ढकलतं त्या बाजूच्या पट्ट्या घट्ट होतात. आमच्या मते या मालिकेतला सगळ्यात मोठा सुधार हाच, फोमपेक्षाही. त्यापुढच्या करी ११ मध्ये दोन वेगवेगळ्या घनतेचा फोम आला, त्याने टाचेखालचा टणकपणा थोडा निवळला.

टाचेखालच्या मऊपणाबद्दल अपेक्षा मर्यादित ठेवा. हा उसळी देणारा शूज नाही. गार्ड (चेंडू खेळवणारा), चपळ फॉरवर्ड (पुढे खेळणारा), ७० ते ८५ किलोचा खेळाडू यांना तो नेमका लागतो. ९५-१०० किलोचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) दर रिबाउंडला (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडायला) उंच उडून टाचांवर उतरत असेल, तर तासाभराने त्याच्या टाचा आणि नडगी बोलू लागतील. त्याने जाड कुशनचा दुसरा शूज बघावा.

आता मापाबद्दल. संध्याकाळी, खेळताना घालता तेच मोजे घालून, भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापाशी खूण करा. दोन्ही पायांचं माप घ्या आणि लांब पाय धरा. अंडर आर्मरच्या पुरुषांच्या मापात २७ सेंटिमीटर म्हणजे अमेरिकन ९, यूके ८. बॉक्सवर दोन्ही आकडे असतात आणि आपल्याकडे गोंधळ इथेच होतो, म्हणून सेंटिमीटरचा आकडा बघूनच घ्या. मधल्या भागात शूज आवळ आहे. चवडा रुंद असेल तर अर्धा नंबर वर जा. घोट्याचा ब्रेस वापरणार असाल तर तो बांधूनच शूज घालून पाहा. फ्लो ९ ला मोज्यासारखी कॉलर आहे, कडक ब्रेस बांधल्यावर त्यात पाय घालायला खटपट करावी लागते. टाच उचलतेय असं वाटलं तर शेवटच्या दोन छिद्रांतून लेसचा फास काढून समोरची लेस त्यातून ओवा आणि मग बांधा. त्याने टाच जागेवर बसते. सगळी लेस करकचून आवळली तर पायाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात आणि टाच तरीही हलतेच.

मग घोट्याचं काय? घोटा बहुतेक वेळा आतल्या बाजूला मुरगळतो. तळवा आत वळतो आणि बाहेरच्या अंगाचे अस्थिबंध ताणले जातात. दुसऱ्याच्या पायावर उतरणं हे त्याचं नेहमीचं कारण, तिथे कोणताही सोल कामाला येत नाही. उंच कॉलरच्या शूजने मुरगळणं थांबतं, हे अभ्यासांतून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. ब्रेसच्या बाजूने मात्र पुरावा आहे. २०११ साली अमेरिकेतल्या शाळकरी बास्केटबॉलपटूंवर झालेल्या मोठ्या अभ्यासात लेसवाला ब्रेस घालणाऱ्यांचे घोटे कमी वेळा दुखावले. पण जे दुखावले त्यांची इजा काही सौम्य नव्हती. घोटा एकदा मुरगळला असेल तर शूजवर खर्च करण्याआधी एका चांगल्या ब्रेसवर करा आणि रोज दोन्ही पायांवर आळीपाळीने, डोळे मिटून, अर्धा-अर्धा मिनिट एका पायावर उभं राहण्याचा सराव ठेवा. २०२२ च्या अंतिम फेरीतल्या तिसऱ्या सामन्यात सुट्या चेंडूच्या झोंबाझोंबीत बॉस्टनच्या अल हॉरफर्डचं अंग करीच्या डाव्या पायावर आलं. पाय दुखावला, आणि पुढच्याच सामन्यात बॉस्टनमध्ये त्याने ४३ गुण केले. त्यात वर्षानुवर्षं कमावलेल्या कमरेच्या ताकदीचा वाटा शूजपेक्षा कितीतरी मोठा आहे.

महाराष्ट्रातल्या खेळाडूने हे शूज घ्यावेत का, याचं उत्तर त्याच्या कोर्टवर अवलंबून आहे. बालेवाडीसारखं लाकडी इनडोअर कोर्ट मिळत असेल तर बिनधास्त घ्या. पण आपला बहुतेक खेळ शाळा-कॉलेजच्या आणि वस्तीतल्या सिमेंटच्या उघड्या कोर्टांवर चालतो. मुंबईच्या नागपाड्याने कित्येक चांगले खेळाडू अशाच मैदानी कोर्टवर घडवले. सिमेंट हे पॉलिश पेपरसारखं असतं आणि उघडा फोम त्यावर भराभर झिजतो. झीज आधी चवड्यावर, अंगठ्याच्या मुळाशी दिसते, कारण एक पाय रोवून वळताना पाऊल तिथेच फिरतं. मग टाचेच्या बाहेरच्या कडेला. त्या दोन जागांची नक्षी सपाट झाली की लाकडी कोर्टवरही पकड पहिल्यासारखी राहत नाही, आणि हा सोल बदलता येत नाही. मोच्याकडून खाली रबर लावून घ्यायच्या भानगडीत पडू नका. सोल्युशनने चिकटवलेलं रबर वाकण्याच्या जागी सुटतं आणि शूजचा मूळ वाक, ज्यासाठी पैसे मोजले, तोच जातो.

सिमेंटसाठी पूर्ण रबरी सोलचे, खोल नक्षीचे शूज हवेत. अंडर आर्मरचीच लॉकडाऊन मालिका त्यासाठी योग्य आहे आणि खिशाला हलकी पडते. नायकीच्या काही मॉडेलांच्या सोलवर एक्सडीआर अशी अक्षरं असतात, ते मैदानी वापरासाठीचं जास्त टिकाऊ रबर. दोन्ही प्रकारच्या कोर्टवर खेळणाऱ्याने रोजच्या सरावाला रबरी जोडी ठेवावी आणि करी फ्लो इनडोअर सामन्यासाठी पिशवीतून न्यावेत. घरून घालून निघालात तर रस्त्यावरची खडी आणि पावसाळ्यातला चिखल दोन्ही फोममध्ये रुततात.

खेळ झाल्यावर इनसोल काढून पंख्याखाली वाळवा. उन्हात, गाडीच्या डिकीत किंवा वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. उष्णतेने फोम आकसतो आणि वरच्या कापडाशी असलेला त्याचा जोड उघडतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये करी आणि अंडर आर्मर यांनी वेगळं होत असल्याचं जाहीर केलं. करी १३ हा त्यांचा शेवटचा शूज ठरवण्यात आला. त्यामुळे जुने फ्लो सवलतीत दिसत राहतील आणि नकली मालही येईल. घेताना शूजच्या जिभेच्या (लेसखालच्या पट्टीच्या) आतल्या लेबलवर बनावटीची तारीख शोधा. दोन-तीन वर्षं बंद खोक्यात पडलेली जोडी असेल तर सोल आणि कापडाच्या जोडावर अंगठ्याने दाबून गोल फिरवा. कुठेही फट किंवा गोंदाची पिवळी रेघ दिसली तर परत ठेवा. चवड्यापाशी वाकवून पाहा, फोमवर बारीक तडे दिसता कामा नयेत. आणि सोलच्या खाली वेगळा रबरी थर चिकटवलेला आढळला, तर ते करी फ्लो नाहीतच.