आत्मज्ञानाची सुरुवात : उपनिषदांचे श्रवण की ‘मी कोण?’

आत्मज्ञानाची ओढ लागली की अद्वैताच्या, म्हणजे आत्मा आणि ब्रह्म एकच या विचाराच्या, दोन वाटा समोर येतात. एक शांकर परंपरेची : गुरूपाशी बसून उपनिषदांचे श्रवण, मग मनन (शंका फिटेपर्यंत त्यावर विचार), मग निदिध्यासन (त्याच अर्थावर सतत ध्यान). दुसरी रमण महर्षींची : थेट ‘मी कोण?’ हा आत्मविचार. मुक्काम एकच, पण रोजची साधना इतकी वेगळी की आधी नीट पाहून घ्यावे. (पातंजल योग इथे मुद्दामच घेतलेला नाही. तिथे पुरुष, म्हणजे आत्मे, अनेक मानले आहेत, त्यामुळे सगळी मांडणीच निराळी होते.)

श्रवणाचा आधार बृहदारण्यक उपनिषदात आहे. घर सोडून निघालेले याज्ञवल्क्य पत्नी मैत्रेयीला सांगतात : आत्मा पाहावा, ऐकावा, त्याचे मनन करावे, निदिध्यासन करावे. पण आत्मा जर आपणच आहोत, तर तो दुसऱ्याकडून ऐकायचा कशाला? परंपरा यावर दहा जणांची गोष्ट सांगते. नदी ओलांडून पलीकडे गेल्यावर प्रत्येकाने मोजून पाहिले, नऊच भरले. दहावा बुडाला म्हणून सगळे रडू लागले. वाटसरूने मोजणाऱ्यालाच सांगितले, ‘दहावा तू आहेस.’ नदीत कितीही बुड्या मारल्या असत्या तरी तो सापडला नसता. तिथे नेमका शब्दच हवा होता. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, ‘तत्त्वमसि’ (ते तू आहेस) ९ वेळा सांगतात. कधी वडाचे फळ फोडायला लावून, कधी पाण्यात विरघळलेले मीठ चाखायला लावून. एकदा ऐकून भागत नाही, हे उपनिषदालाच ठाऊक आहे.

या वाटेला वेळ लागतो. विवेक, वैराग्य, शमादी षट्क (मन-इंद्रियांचा संयम वगैरे सहा गुण) आणि मुमुक्षुत्व (मोक्षाची तळमळ) ही तयारी मागितली जाते, थोडे संस्कृतही कानावरून जावे लागते. खरा धोका शब्दज्ञानाचा. पाचही कोश (देहापासून आत आत जाणारी आत्म्यावरची आवरणे) नावानिशी सांगता येतात, आणि कोणी टोचून बोलले की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. मी या अवस्थेत बरीच वर्षे काढली आहेत.

रमण महर्षींची सुरुवात ग्रंथापासून झाली नाही. १८९६ साली मदुराईत, सोळाव्या वर्षी, त्यांना एकाएकी मृत्यूचे भय वाटले. ते प्रेतासारखे ताठ पडून राहिले आणि मरते ते काय, हे आत पाहू लागले. त्याच वर्षी ते तमिळनाडूतल्या अरुणाचल डोंगरापाशी गेले आणि १९५० साली देह ठेवीपर्यंत तिथेच राहिले.

त्यांची रीत अशी. राग आला. कोणाला आला? मला. हा ‘मी’ कोण, कुठून उठतो? उत्तर शब्दांत द्यायचे नाही. ज्याच्यावर राग आला त्याच्यावरून लक्ष काढून ‘मी’ या जाणिवेवर आणायचे आणि तिथेच ठेवायचे. क्षणभर काही उरत नाही, मग दुसरा विचार येतो, त्यालाही हेच विचारायचे. यासाठी आसन लागत नाही, वेळ काढावा लागत नाही. मात्र नवखा माणूस प्रश्नाचा जपच करत बसतो, किंवा ‘मी ब्रह्म’ असे पाठ उत्तर देऊन मोकळा होतो. त्याहून मोठी चूक म्हणजे मन शांत झाले की पोचलो असे मानणे. गाढ झोपेतही विचार नसतात, पण उठतो तो माणूस तोच. म्हणून महर्षी मनोलय (मन तात्पुरते शांत होणे) आणि मनोनाश (मन कायमचे मावळणे) यांत फरक करायला सांगत.

माझे मत स्पष्ट आहे : बहुतेकांनी श्रवणापासून सुरुवात करावी. पाहणारा आणि पाहिले जाणारे यांतला भेद एकदा बुद्धीला पटला, की ‘मी कोण?’ विचारताना काय धरायचे आणि काय सोडायचे ते कळते. डोळा मंद झाला हे मनाला कळते. पण मन अस्वस्थ आहे, हे कोणाला कळते? इथवर विचार आला की आत्मविचाराला जमीन मिळते. याउलट, वर्षानुवर्षे प्रवचने ऐकून शंका फिटल्या असतील आणि तरी आत काही हलले नसेल, तर आणखी ग्रंथ उघडू नयेत. तिथे महर्षींचीच वाट धरावी.

शिकवणारा निवडताना एवढे पाहावे की तो प्रश्न विचारू देतो का. प्रश्नांना बंदी असेल तर मनन होणारच नाही.

आणि दोन्ही जड वाटले तर? विचार न साधणाऱ्याला महर्षी शरणागती सांगत, आणि तिला ते कमी दर्जाची मानत नसत.