लॉफ्ट बदलणारा ड्रायव्हर: सगळ्या खाचा फिरवून पाहिल्यावर

गोल्फमध्ये माझा टी शॉट, म्हणजे होलचा पहिला फटका, उजवीकडे वळतो. बरीच वर्षं साडेदहा अंश लॉफ्टचा साधा, पक्क्या बसवणीचा ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, वापरला आणि उजवीकडच्या रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात, भरपूर चालले. लॉफ्ट म्हणजे फेसचा, बॉलला लागणाऱ्या बाजूचा, मागे झुकलेला कोन. त्यामुळे अ‍ॅडजस्टेबल ड्रायव्हर हातात आला तेव्हा तो किती लांब मारतो यापेक्षा हा वळसा कमी करतो का, एवढंच मला बघायचं होतं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. डोकं 460 घन सेंटिमीटरचं, म्हणजे नियमात बसणारं सर्वांत मोठं. शाफ्टच्या, म्हणजे दांड्याच्या, टोकाला बारा खुणांची स्लीव्ह, म्हणजे डोक्यात बसणारी नळी, आणि डोक्याच्या मागच्या कडेला टाचेकडून (शाफ्टजवळच्या बाजूकडून) टोकाकडे सरकणारं वजन.

खरी करामत स्लीव्हमध्ये आहे. तिच्यातलं भोक किंचित तिरकं असतं. सोबतच्या पान्याने तळाचा स्क्रू सैल करायचा, डोकं सोडवायचं, स्लीव्ह फिरवून हवी ती खूण बाणासमोर आणायची, पुन्हा बसवायचं आणि पाना 'टक्' वाजेपर्यंत आवळायचं. त्या आवाजाआधी थांबायचं नाही आणि नंतर जोर लावायचा नाही. एवढ्याने शाफ्ट डोक्यात वेगळ्या कोनात बसतो आणि लॉफ्ट दोन अंशांपर्यंत वर किंवा खाली जातो.

आता जी गोष्ट खोक्यावर ठळक लिहायला हवी होती ती सांगते. अशा स्लीव्हवर लॉफ्ट एकटा बदलत नाही. लॉफ्ट वाढवला की ड्रायव्हर जमिनीवर टेकवल्यावर फेस जरा बंद बसतो, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याला तो डावीकडे बघताना दिसतो. लॉफ्ट कमी केला की फेस उघडतो. बॉल फार वर जातो म्हणून स्लाइसवाला, म्हणजे माझ्यासारखा ज्याचा बॉल उजवीकडे वळतो तो, लॉफ्ट उतरवतो, तेव्हा तो फेस आणखी उघडत असतो आणि वळसा वाढतो. कमी लॉफ्टचा ड्रायव्हर म्हणजे चांगल्या खेळाडूचा ड्रायव्हर, हा समज रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, अजून घट्ट आहे. माझ्यासारख्या बेताच्या स्विंग स्पीडच्या खेळाडूचं त्याने नुकसानच होतं.

मी खूण दीड अंश वर नेली, म्हणजे बारा अंश. मात्र फेस जसा बसतो तसाच बसू द्यायचा. मनगट वळवून तो सरळ करायला गेलं तर बंद फेसचा फायदा निघून जातो आणि नुसता लॉफ्ट वाढतो. हे सवयीचं व्हायला वेळ लागला, पण झाल्यावर बॉल मधल्या रेषेजवळून निघू लागला. ड्रायव्हरच्या शॉटमध्ये बॉल ज्या दिशेने निघतो ती मुख्यतः फेसची दिशा असते, त्यामुळे हे अपेक्षितच होतं. अंतर घटलं नाही, उलट हवेतलं अंतर वाढलं. आधी माझे शॉट लवकर खाली यायचे, ते आता वर टिकतात. मला हा ड्रायव्हर आवडण्याचं हे सर्वांत मोठं कारण.

सरकत्या वजनाबद्दल तितका उत्साह नाही. वजन टाचेकडे नेलं की फेस बंद व्हायला मदत होते हे खरं, पण माझ्या हातात त्याचा फरक स्लीव्हच्या मानाने फारच थोडा जाणवला. फेसवर पायाला मारायची पावडर फवारून पाहिली. पांढऱ्या थरावर बॉलचा गोल ठसा स्वच्छ उठतो, त्यातल्या खळग्यांसकट. टाचेकडे बसलेले शॉट वजन कुठेही ठेवलं तरी उजवीकडेच वळत होते, कारण टाचेवरचा फटका स्वतःच बॉलला उजवीकडची फिरकी देतो. वजन सरकवण्याआधी प्रत्येकाने हे ठसे बघावेत असं मला कळकळीने वाटतं.

एक खोट मात्र आहे. स्लीव्हबरोबर शाफ्टही फिरतो आणि त्याच्याबरोबर ग्रिप. माझ्या ग्रिपच्या खाली बोटांना लागणारी उभी कड आहे. खूण बदलल्यावर ती बाजूला आली आणि पकड परकी वाटू लागली. त्यावर उपाय म्हणजे पूर्ण गोल ग्रिप, आणि तो खर्च आधीच धरावा. शाफ्ट न फिरवता कोन बदलणाऱ्या स्लीव्हही मिळतात. कड असलेली ग्रिप सोडायची नसेल त्यांनी त्या बघाव्यात.

ही सोय तशी फार जुनी नाही. टेलरमेड कंपनीच्या आर7 क्वाड ड्रायव्हरमध्ये 2004 साली बदलता येणारी चार वजनं आली, पण वजनापलीकडचे बदल नियमांनी 2008 पासून मान्य केले आणि पुढच्याच वर्षी त्याच कंपनीचा आर9 फिरत्या स्लीव्हसह आला. राउंड चालू असताना मात्र सेटिंग बदलता येत नाही. बदललंच, तर फटका मारण्याआधी ते होतं तसं करून ठेवलं की दंड नाही. बदललेल्या क्लबने फटका मारला की स्पर्धेतून बाद. म्हणून माझा पाना बॅगेत नसतो, घरी असतो.

विकत घेण्याआधी दुकानदाराला स्लीव्ह निदान दोन खुणांवर फिरवून द्यायला सांगा, आणि रेंजचे झिजलेले बॉल न घेता नेहमी खेळता तेच बॉल मारून बघा.