चोर स्विच बसवून आठ महिने झाले

माझी आधीची गाडी जुळे सोलापुरात घराच्या दारातूनच गेली. हँडल लॉक केलेलं होतं, चावी घरात खुंटीला होती. विमा नुसता थर्ड पार्टी, त्यात चोरीचा एक रुपया मिळत नाही. दिवाळीनंतर कर्ज काढून कार्बोरेटरवाली जुनी स्प्लेंडर घेतली आणि पहिल्याच आठवड्यात तिला चोर स्विच, म्हणजे बंद केला की इंजिन पेटू न देणारा लपवलेला स्विच, बसवला. स्विच आणि मजुरी मिळून ३५० रुपये.

अशोक चौकातल्या मेस्त्रींनी दोन तास घेतले. त्यातला एक तास कुठली वायर धरायची हे बघण्यातच गेला. मला वाटायचं, चावीच्या लॉकची वायर मधे तोडली की झालं. पण बऱ्याच जुन्या गाड्यांत चावी बंद केली की सीडीआयची (प्लगला ठिणगी देणाऱ्या छोट्या डब्याची) एक वायर अर्थला लागते आणि ठिणगी थांबते. तीच तोडली तर चावी फिरवूनही इंजिन बंद होत नाही! मेस्त्रींनी पल्सर कॉइलकडून (ठिणगी कधी पाडायची याचा इशारा देणाऱ्या कॉइलकडून) सीडीआयला जाणाऱ्या वायरमध्ये स्विच घातला. तिथं करंट अगदी कमी, त्यामुळे स्विच जळत नाही. आता स्विच बंद असला की किक मारा, सेल्फ मारा, ढकला, गाडी पेटत नाही. काही ठिकाणी फक्त सेल्फची वायर तोडून देतात. तसं करून घेऊ नका, धक्का मारला की गाडी चालू होते.

पहिले पंधरा दिवस स्विच बंद करायलाच विसरायचो. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाजवळ गाडी लावली, आत बराच वेळ फिरलो आणि मग आठवलं. धावत परत आलो. तेव्हापासून स्टँड लावला की हात आपोआप तिकडं जातो. धाकट्या भावाला मात्र सांगायचंच राहिलं होतं. भर उन्हात मार्केट यार्डातून गाडी ढकलत आला बिचारा. "दादा, प्लग गेलाय बघ," म्हणाला. मला फार वाईट वाटलं.

एप्रिलमध्ये भाजी घेऊन आलो तर हँडल लॉक तुटलेलं आणि गाडी चार पावलं पुढं, तोंड रस्त्याकडं. स्विचमुळे वाचली की कुणी आलं म्हणून सोडून गेले, सांगता येत नाही. गाडीला हात लावून मी तिथंच उभा राहिलो. त्याच दिवशी चाकाला जाड साखळीही घेतली, कारण दोघांनी उचलून टेम्पोत घातली तर स्विच काय करणार?

खरी तक्रार पावसाळ्यातली. होटगी रोडवर, मागं ट्रक असताना, इंजिन एकदम बंद पडलं. सीटखालच्या उघड्या स्विचमध्ये धूळ-पाणी जाऊन आतले पॉइंट हिरवे पडले होते. ही चूक जिवावर बेतली असती. आता रबरी टोपीचा स्विच आहे, जोड नुसते पिळलेले नाहीत, सोल्डर करून वर स्लीव्ह चढवलीय. बसवणार असाल तर पहिल्याच दिवशी एवढं करून घ्या.

कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेल्या नव्या गाडीला हा उपाय जसाच्या तसा लावू नका. तिथं बहुधा टाकीतलं पेट्रोल इंजिनकडं पाठवणाऱ्या पंपाच्या वायरीत स्विच घालतात, आणि वायरिंगला हात लागला की वॉरंटी नाकारली जाऊ शकते. आधी विचारून घ्या.

सर्व्हिसिंगला देताना मी स्विच चालू ठेवूनच देतो. सीटखाली सगळेच आधी बघतात, म्हणून नवा स्विच दुसरीकडं बसवला. ती जागा बायकोला, भावाला आणि मेस्त्रींना माहीत आहे.