नऊ महिने ऑटोडेबिट: खात्यातून कापावं की कार्डावरून?

मी अप्पा बळवंत चौकात डीटीपीची कामं करतो. पगाराची तारीख नाही, येणी येतील तेव्हा येतात. तारखा डोक्यात ठेवून कंटाळलो आणि जून २०२४ मध्ये सगळं आपोआप कापलं जाईल असं करून टाकलं. गाडीचा हप्ता आणि म्युच्युअल फंडाची एसआयपी बँक खात्याला लावले; मोबाइल, इंटरनेट आणि बाबांच्या आरोग्य विम्याचा महिन्याचा हप्ता क्रेडिट कार्डावर.

खात्यातून आपोआप पैसे कापायला आपण जी परवानगी देतो, त्या मँडेटला आमच्या गल्लीत अजून ‘ईसीएस’ या जुन्या नावानेच ओळखतात. पहिला फॉर्म ‘सही जुळत नाही’ म्हणून परत आला. खातं कॉलेजात असताना उघडलेलं, तेव्हाची सही फार ऐटबाज होती. दुसऱ्यांदा नेटबँकिंगवरून केलं, पाच मिनिटांत झालं. पण एक गोष्ट नंतर लक्षात आली: हप्ता ६,८४० रुपयांचा, आणि मँडेटवर कमाल रक्कम १५,०००. म्हणजे हप्त्याच्या वर आणखी काही ओढायला समोरच्याला जागा होतीच.

ती जागा पुढे वापरली गेलीच. सुरुवात नोव्हेंबरात झाली. दिवाळी अंकांची कामं मार्गी लागलेली, पैसे मात्र अडकलेले. ५ तारखेला खात्यात साधारण अकराशे रुपये कमी पडले. हप्ता बाऊन्स. बँकेने ५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९० कापले. तीन दिवसांनी कर्जवाल्यांनी मला न विचारता परत मागणी लावली, परत ५९०. पुढच्या महिन्यात त्यांचा स्वतःचा ५०० रुपयांचा दंड हप्त्यासोबत गेला, त्याच मँडेटमधून. अकराशेच्या तुटीला १,६८० रुपये! वर एका वकील गिऱ्हाइकाने चहा पिता पिता सांगितलं की पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स ॲक्ट, २००७ च्या कलम २५ नुसार हे चेक बाऊन्सच्याच जातीचं प्रकरण आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. माझा चहा तिथेच गार झाला.

कार्डाचं उलटं. जानेवारीत जुन्या कार्डाची मुदत संपली, नवं आलं, आणि एका शनिवारी इंटरनेट बंद पडलं. मुलीने घर डोक्यावर घेतलं. नवं कार्ड जोडलं, तासाभरात सुरू. दंड शून्य. कार्डावरचं आपोआप पेमेंट चुकलं तेव्हा माझी फक्त सेवा थांबली. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कापण्याच्या किमान २४ तास आधी मेसेज येतो, आणि नको असेल तर तिथूनच नाही म्हणता येतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये हे नियम लागू झाले तेव्हा माझ्या दोन-तीन वर्गण्या धडाधड बंद पडल्या होत्या आणि मी शिव्या घातल्या होत्या. आता त्या मागे घेतो. सुरुवातीला ओटीपीशिवाय ५,००० पर्यंतच जायचे, जून २०२२ पासून १५,००० झाले. विमा, म्युच्युअल फंड आणि कार्डाच्या बिलासाठी डिसेंबर २०२३ पासून एक लाख.

मात्र कार्डाचं बिल खात्याला जोडताना जपून. ॲपमध्ये ‘किमान देय रक्कम’ हा पर्याय आधीच टिक केलेला होता. तो तसाच ठेवला असता तर उरलेल्या रकमेवर व्याजाचं मीटर महिनोन्‌महिने पळत राहिलं असतं. ते बिल मी हातानेच भरतो. महावितरणचंही हातानेच, कारण एप्रिल-मेमध्ये युनिट बघून घरात भांडायचं असतं.

मोबाइलचं मध्येच यूपीआय ऑटोपेवर नेलं. पैसे खात्यातूनच जातात, पण थांबवायचं बटण माझ्या फोनमध्ये. गाडीच्या हप्त्याचं मँडेट बंद करायचं तर बँक म्हणते कर्जवाल्यांना विचारा, कर्जवाले म्हणतात कर्ज फिटल्यावर या. एसआयपी तेवढी निमूट चालली आहे. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

बाबा हे सगळं ऐकून म्हणाले, “माझ्या खात्यात कुणी हात घालायचा असेल तर आधी मला विचारायचं.” ते अजून चेकबुक घेऊन बँकेत जातात.

मी आता हप्त्यासाठी वेगळं खातं धरलंय, त्यात कायम दोन हप्त्यांचे पैसे. हप्त्याची तारीख २० करून द्या म्हटलं, मिळाली नाही. मँडेट तिकडे हलवायला कर्जवाल्यांना परत कागदी फॉर्मच हवा होता. या वेळी आधी शाखेत जाऊन नमुना सही बघून आलो.